आठ आधी, पाच नंतर

नणंद: ती खोटं बोलत नाहीये, वहिनी. मी आत्ताच वॉर्डातून येतेय.

वहिनी: आधी दार लाव. सर्व्हरच्या या पंख्यांच्या वरताण ओरडत बसलीस तर अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल.

नणंद: जाऊ दे ऐकू. सहा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईंची मुलगी, ती भरतकाम करणारी. तिनं आईला झटक्यांचं पातळ औषध जास्त पाजलं म्हणून सगळे तिच्यावर तुटून पडलेत ना? ती म्हणते, दवाखान्याच्या वेबसाइटवरच्या आपल्या पानावर तिला अक्षरंच दिसत नव्हती. नुसता कचरा दिसत होता.

वहिनी: बरं.

नणंद: बरं काय? काल संध्याकाळी मीच तुला फोन करून सांगितलं ना, की नऊही भाषांची पानं फुटून दिसतायत म्हणून? तू म्हणालीस, सकाळी बघते.

वहिनी: बघितलं. आता नीट दिसतायत. आणखी काय हवंय, आरती ओवाळू?

नणंद: कधी नीट केलंस?

वहिनी: आल्या आल्या.

नणंद: म्हणजे किती वाजता?

वहिनी: वन्सं, तुम्ही कधीपासून माझी हजेरी घ्यायला लागलात?

नणंद: हे बघ, तू मला वन्सं म्हणायला लागलीस, अहोजाहो करायला लागलीस, की मला कळतं काहीतरी लपवतेयस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून ही खोड आहे तुझी. आईची काचेची बरणी फोडलीस तेव्हाही दिवसभर मला वन्सं वन्सं करत होतीस. किती वाजता, वहिनी?

वहिनी: नऊ चाळीस.

नणंद: आणि ऑफिसातल्या मॅडमनी त्या बाईला बोलावलं दहा वाजता. तिच्यासमोर आपलं पान उघडलं. पान एकदम लख्ख! मॅडम म्हणाल्या, बघा, तुमच्याच भाषेत आहे, तुमच्याच लिपीत आहे, दर आठ तासांनी पाच मिली. तुम्ही वाचलंच नाहीत. अगं, ती बिचारी मला म्हणते, मला वेड लागलंय का?

वहिनी: तुला कोणी पाठवलं होतं वॉर्डात?

नणंद: दुभाषी भेटला जिन्यात. तो चार दिवस सुट्टीवर होता, नेमकं त्याच दिवसांत यांना घरी सोडलं. समजावून सांगायला कोणी नाही, बाटलीवर लिहिलंय 'सांगितल्याप्रमाणे घ्यावे', आणि हातात ती चिठ्ठी, चौकोन स्कॅन करा आणि आपल्या भाषेत वाचा. आपल्याच पानाची चिठ्ठी! तिनं स्कॅन केलं, तर सगळा कचरा आणि मध्ये दोन आकडे शाबूत. आठ आणि पाच.

वहिनी: आकडे इंग्रजी होते ना. ते फुटत नाहीत. यंत्र ज्या तक्त्यावरून अक्षरं ओळखतं, त्या कुठल्याही तक्त्यात ते त्याच जागी असतात.

नणंद: तेच तर! आठ आधी, पाच नंतर. तिनं काय केलं, बाटलीच्या टोपणावर आठाची रेघ बघितली आणि दर पाच तासांनी आठ मिली पाजलं. तीन दिवस. दुपटीहून जास्त. म्हातारी उठेचना झोपेतून.

वहिनी: आता उठलीय ना?

नणंद: काल उठली. पण तिला घरी नाही सोडत आहेत. चार वाजता गाडी येणार आहे, तिला निराधार वृद्धांच्या केंद्रात नेणार. कागदावर काय लिहिलंय माहितीये? 'मुलगी काळजी घेण्यास असमर्थ.' ती एकुलती एक आहे गं. दोघींशिवाय तिसरं कोणी नाही घरात.

वहिनी: आत्ता किती वाजलेत?

नणंद: सव्वादोन. आणि तू बस ना जरा एका जागी, मघापासून या कपाटापासून त्या कपाटापर्यंत येरझारा घालतेयस, मला गरगरायला लागलंय.

वहिनी: गरम होतंय इथं. हे गार हवेचं यंत्र बंद पडलं की काय?

नणंद: चालू आहे. मला अजून नीट कळलेलं नाही, बिघडलं काय होतं? मी प्रत्येक पानाच्या अगदी डोक्याशी लिहिलंय, हे पान यूटीएफ-आठ या तक्त्यातलं आहे. पहिल्या दोन-चार ओळींतच. त्यात जगातल्या सगळ्या लिप्या बसतात. मी तीनतीनदा तपासलंय. घरी उघडलं, इथं माझ्या टेबलावर उघडलं, एक अक्षर हललेलं नव्हतं.

वहिनी: कुठून उघडलंस?

नणंद: म्हणजे?

वहिनी: तुझ्या फोल्डरमधून, फाईलवर दोन टिचक्या मारून उघडलंस, की पत्ता टाकून सर्व्हरवरून?

नणंद: फोल्डरमधून. नेहमीसारखं.

वहिनी: हां. तिथं सर्व्हर मध्ये नसतो. ब्राउझरला दुसरं कोणी काही सांगणारं नसतं, म्हणून तो पानाचं ऐकतो. पण लोक उघडतात सर्व्हरवरून. आणि सर्व्हर पान पाठवायच्या आधी स्वतः दोन शब्द पाठवतो, की हे येतंय ते काय आहे आणि कुठल्या तक्त्यातलं आहे. ब्राउझर आधी त्याचं ऐकतो. मग पान आत कितीही ओरडून सांगू दे.

नणंद: म्हणजे पाहुणा स्वतःचं नाव सांगायच्या आधीच दारातला माणूस भलतंच नाव सांगून मोकळा.

वहिनी: तसंच.

नणंद: आणि दारातला माणूस तू.

वहिनी: सर्व्हर मी सांभाळते, हे तुला आज कळलं का?

नणंद: भलतं नाव का सांगितलंस पण?

वहिनी: मुद्दाम सांगितलं का मी? अकरा दिवसांपूर्वी सर्व्हरचं नवं यंत्र आलं. जुन्यावरची सेटिंगची फाईल मी जशीच्या तशी उचलून नव्यावर ठेवली. सात वर्षं जी चालली ती कशाला उकरायची? तिच्यात एक ओळ होती. फार जुनी. तेव्हा फक्त ऑफिसच्या भाषेतली पानं होती आपली, रोमन लिपीतली, ती टोपीवाली तिरक्या रेघांची अक्षरं असतात ना, त्यांच्यासाठी. सगळ्या पानांबरोबर पश्चिम युरोपचा जुना तक्ता सांग, अशी ओळ. जुन्या यंत्रावर ती दुसऱ्या एका फाईलनं मोडीत काढली होती. ती दुसरी फाईल न्यायची राहिली.

नणंद: अकरा दिवस!

वहिनी: ऑफिसची पानं नीटच दिसत होती. ती अजून त्या जुन्याच तक्त्यात लिहिलेली आहेत, आणि साधी ए-बी-सी-डी तर कुठल्याही तक्त्यात सारखीच. वरच्या मजल्यावर कुणाला काही जाणवलंच नाही.

नणंद: आणि ज्यांना जाणवलं त्यांनी तक्रार कुठे करायची? तक्रारीचं पानसुद्धा फुटलेलंच! आणि माहितीये का, दुभाषी म्हणाला, लोकांना वाटतं आपला फोनच बिघडलाय. आपल्यालाच जमत नाहीये. दुसऱ्या भाषेतल्या माणसाला नेहमी असंच वाटतं, की चूक आपलीच.

वहिनी: मला लेक्चर देऊ नकोस.

नणंद: देत नाहीये. मला राग आलाय. तुझाही आलाय आणि माझाही. पण ते मरू दे. तू वर जाऊन मॅडमना सांगितलंस का नाही?

वहिनी: काय सांगायचं?

नणंद: हेच, जे आत्ता मला सांगितलंस!

वहिनी: आणि मग? गेल्या वर्षी अपॉइंटमेंटची यादी दोन दिवस बंद पडली तेव्हा मॅडम मला सगळ्यांसमोर काय म्हणाल्या होत्या, विसरलीस? आणखी एक चूक झाली तर सर्व्हरची खोली बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. त्या कंपनीनं पहिल्यांदा कुणाला काढलं असतं? मला. दुसऱ्यांदा कुणाला? माझ्या शब्दावर आत आलेल्या माझ्या नणंदेला. पानं तुझी आहेत, लोक पानच बघतात. सर्व्हर कुणाला दिसतो? सगळे म्हणाले असते, पानं करणाऱ्या पोरीनं घोळ घातला.

नणंद: म्हणजे मला वाचवण्यासाठी केलंस?

वहिनी: दोघींना.

नणंद: माझं नाव नको घेऊस यात. मला वाचवायचं होतं तर मला विचारायचं होतंस.

वहिनी: बरं, स्वतःला. झालं समाधान? घाबरले मी. पानं फुटलेली दिसताच पहिल्यांदा ती नीट करणं हेच माझं काम होतं. आणखी कुणी चुकीचं वाचू नये म्हणून. ते चूक होतं का?

नणंद: नाही. ते बरोबरच होतं.

वहिनी: मग?

नणंद: नीट करून गप्प बसणं चूक होतं. तुझ्या गप्प बसण्यानं ती खोटी ठरली.

वहिनी: मला कुठं माहीत होतं त्या बाईचं?

नणंद: आता माहीत झालंय.

वहिनी: हो, झालंय.

नणंद: मग?

वहिनी: मग मग करू नकोस. मला विचार करू दे. पुरावा काय आहे? मी वर जाऊन सांगितलं तरी मॅडम म्हणतील, आता सांगताय? पान तर व्यवस्थित आहे. तिच्या फोनवर जुनं काही राहिलंय का?

नणंद: नाही. मी विचारलं. पान बंद केलं, परत उघडलं, नवीन आलं. फोटो काढायचं तिला सुचलं नाही. मी तिला खाली बोलावलंय.

वहिनी: इथं? या खोलीत? अगं, बाहेर पाटी लावलीय, परवानगीशिवाय कोणी आत—

नणंद: परवानगी तूच देतेस ना? आलीच बघ. या, या. आत या ताई.

भरतकामवाली: चप्पल... बाहेर?

वहिनी: राहू द्या पायांत. इथं फरशी गार असते. बसा. खुर्चीवर बसा, वायरीवर नको.

भरतकामवाली: ह्या ताई म्हणाल्या, तुम्ही मशीन बघता. मी फोन आणला. फोन जुना आहे. काच फुटली आहे. मी दुसरा घेते. पण आधी तुम्ही सांगा, फोन खराब आहे का. फोन खराब असेल तर तसं वर सांगा. मग मॅडमना कळेल, मी मुद्दाम नाही केलं.

वहिनी: तुमच्या फोनला काही झालेलं नाही.

भरतकामवाली: मग माझं डोकं खराब.

नणंद: नाही हो ताई, तसं नाही.

भरतकामवाली: मॅडमनी पान दाखवलं. छान अक्षरं होती. माझ्या भाषेची. स्वच्छ. मी वाचली. दर आठ तासांनी पाच. मी म्हटलं, आधी असं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, आधी कसं होतं? मी काय सांगू? सांगता येत नाही, आधी कसं होतं.

वहिनी: आठवतं का थोडंफार?

भरतकामवाली: आठवायचं काय? उतरवून घेतलंय. हे बघा.

नणंद: काय आहे हे? वहिनी... वहिनी, इकडे ये.

वहिनी: आलेच. हे काय?

भरतकामवाली: पान. पहिल्या दिवशी. मला वाटलं, डॉक्टरांची भाषा असेल. औषधाची वेगळी भाषा असते ना? फोनची बॅटरी संपते, म्हणून कागदावर काढलं. मी दवाखान्याच्या कोटांवर नावं भरते. डॉक्टरांची. निळ्या दोऱ्यानं. ती नावं मला वाचता येत नाहीत. पाहून भरते. जसं दिसतं तसं. एक टाका इकडेतिकडे नाही. म्हणून हे पण तसंच काढलं.

नणंद: अगं बाई! वहिनी, बघ ना! प्रत्येक अक्षराचे तीन तीन तुकडे. पहिलं तेच, डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए. दुसरं बहुतेक ठिकाणी चार शिंगांचं वर्तुळ. तिसरं बदलतं. तिनं ती शिंगंसुद्धा मोजून काढलीत गं! एवढ्या बारीक पेन्सिलीनं!

वहिनी: हळू. कागद फाटेल.

नणंद: तिच्या लिपीतलं अक्षर यूटीएफ-आठमध्ये तीन तुकड्यांचंच असतं. तू लावलेल्या जुन्या तक्त्यात ते तीन तुकडे तीन वेगवेगळी अक्षरं होऊन दिसतात. मी हे उलटं फिरवून दाखवू शकते. तीन-तीन जोडून. थांब हं, हे पहिलं... मग हे... हा तिच्या भाषेतला 'औषध' शब्द! ताई, इथं काय लिहिलं होतं माहितीये? 'औषध'! आणि ही पुढची ओळ, आठच्या आधीची...

भरतकामवाली: दर.

नणंद: हो! 'दर'. आणि आठच्या नंतर?

भरतकामवाली: तासांनी. मग पाच. आता मला पाठ आहे.

वहिनी: हा आठ आणि पाच तुम्हीच अधोरेखित केलात?

भरतकामवाली: तेवढेच ओळखीचे होते. बाकी सगळं परकं. म्हणून दोन रेघा मारल्या. टोपणावर पण आठ होता, पाच पण होता. मला वाटलं, पहिला आकडा औषध, दुसरा वेळ. माझ्या आईला दर पाच तासांनी गजर लावून उठवलं मी. ती म्हणायची, झोपू दे. मी म्हणायचे, नाही आई, नेमानं घ्यायचं.

वहिनी: पाणी हवंय का तुम्हाला?

भरतकामवाली: नको. ताई, हा कागद वर दाखवला तर चालेल का? सकाळी दाखवायचा होता. लाज वाटली. वेड्यासारखी चित्रं. त्या हसतील. आणि समोर पान तर छान होतं. मग मी सही केली.

नणंद: कशावर?

भरतकामवाली: त्या कागदावर. मॅडमनी दिला. मी औषध चुकीचं दिलं, मला सांभाळता येत नाही. दुभाषी नव्हता तेव्हा. मॅडमनी सावकाश वाचून दाखवलं. मी म्हटलं, पान छान आहे, म्हणजे चूक माझी. केली सही.

नणंद: वहिनी.

वहिनी: ऐकलं मी.

नणंद: दहा वाजता दाखवलं. तू नऊ चाळीसला—

वहिनी: ऐकलं म्हटलं ना मी! बहिरी आहे का? सरक बाजूला. खुर्ची दे ती.

नणंद: काय करतेयस?

वहिनी: फाईल उघडतेय. मी कुठलीच ओळ पुसत नाही, हे तुला माहीत आहे. तू हसतेस त्याला.

नणंद: हसत नाही. झोपवतेस तू ओळी. पुढे चिन्ह टाकून, म्हणजे यंत्र ती वगळतं, आणि शेजारी तारीख-वेळ लिहून.

वहिनी: ही बघ. झोपवलेली आहे. आजची तारीख, नऊ चाळीस, आणि माझी आद्याक्षरं. वरती हिच्यासकट जुनी फाईल अकरा दिवसांपूर्वी आल्याची नोंद. हे झालं एक. आता दुसरं. तुझ्या औषधाच्या पानाची एक प्रत कर, वेगळ्या फोल्डरात टाक. नाव काहीही दे. त्या एका फोल्डरापुरती मी ती ओळ उठवते. बाकीच्या पानांना हात नाही लावायचा, वॉर्डातले लोक वाचत असतील.

नणंद: म्हणजे मुद्दाम बिघडवणार?

वहिनी: एकच पान. मॅडमना दिसलं पाहिजे की हिला काय दिसलं. तोंडी सांगून त्यांना काडीचं कळणार नाही. प्रत झाली?

नणंद: झाली. टाकली.

वहिनी: माझी ओळ घातली. सर्व्हरला परत वाचायला लावते. हां. उघड आता. आणि फोल्डरमधून नको हं!

नणंद: टोमणा कळला. पत्ता टाकूनच उघडतेय. ताई, बघा इकडे. तयार? हे घ्या.

भरतकामवाली: अरे देवा. हेच. ताई, हेच ते! हेच!

वहिनी: कागद शेजारी धरा. ओळीनं बघा. तुम्ही बोट ठेवा, ही पडद्यावर दाखवेल.

नणंद: तिरक्या रेघेचा ए, शिंगांचं वर्तुळ, मग हे वर चिकटलेलं छोटं शून्य. आहे?

भरतकामवाली: आहे.

नणंद: पुन्हा ए, वर्तुळ, उलटं प्रश्नचिन्ह.

भरतकामवाली: आहे.

नणंद: ए, मग दोन आडव्या रेघांचा वाय.

भरतकामवाली: आहे. हा मला अवघड गेला होता. तीनदा खोडला.

वहिनी: ओळ संपली. पुढची?

भरतकामवाली: पुढची पण. सगळं आहे. ताई, मी चुकले नव्हते काढताना.

वहिनी: एक खूणसुद्धा चुकलेली नाही.

नणंद: रडू नका हो. वहिनी, रुमाल आहे का तुझ्याकडे? तू कशाला रडतेयस आता?

वहिनी: मी कुठं रडतेय? यंत्राची गार हवा डोळ्यांवर येते. फोन दे तो.

नणंद: कुणाला लावतेयस?

वहिनी: गप्प बस. हॅलो? मॅडम आहेत का? सर्व्हरच्या खोलीतून बोलतेय. हो, मीच... मॅडम, सहा नंबरच्या खाटेच्या पेशंटबद्दल... नाही, गाडीबद्दलच बोलायचंय. ती थांबवा... मॅडम, ऐकून घ्या. त्या बाईंनी पान वाचलं होतं. पानच वाचता येण्यासारखं नव्हतं. अकरा दिवस. नव्या यंत्रावर माझी एक चुकीची ओळ राहिली होती, त्यामुळे सगळ्या परक्या लिप्या फुटून दिसत होत्या... सकाळी नऊ चाळीसला मी ती नीट केली. तुम्ही दहा वाजता पाहिलंत ते नीट झालेलं पान... हो, माहिती होतं मला... नाही सांगितलं... हो, सांगायला हवं होतं. तेच सांगतेय आता... नाही, पानं करणाऱ्या मुलीची चूक नाही, सर्व्हर माझा आहे...

नणंद: माझीही आहे. मी सर्व्हरवरून तपासलंच नाही. सांग त्यांना.

वहिनी: ... तीही म्हणतेय तिची आहे. मॅडम, ते आपण नंतर बघू, कुणाचं काय ते. आधी मी तुम्हाला एक पत्ता पाठवतेय, तो उघडा. उघडलात?... दिसतंय काय?... हां. तेच. आता या बाईंनी पहिल्याच दिवशी हातानं काढून घेतलेला कागद मी घेऊन वर येतेय, दोन्ही शेजारी ठेवा. आणि मॅडम, सकाळी त्यांची घेतलेली सही... ती तुम्ही नीट झालेलं पान दाखवून घेतलीत. तो कागद धरता येणार नाही... लेखी? देते. आत्ता देते... नाही, मला वेळ नकोय विचार करायला... ठेवते.

नणंद: काय म्हणाल्या?

वहिनी:  म्हणाल्या, गाडीला थांबायला सांगते, लेखी आणा, कागद आणा, दुभाष्यालाही बोलावते. सहीचा कागद बाजूला ठेवतेय म्हणाल्या. फाडला नाही, बाजूला ठेवलाय.

नणंद: आणि तुझं?

वहिनी: माझं उद्या. उद्या सकाळी अकराला बोलावलंय.

नणंद: मीही येणार उद्या.

वहिनी: येऊ नकोस. तुझ्या दादाला काय सांगायचं ते ठरव आधी, त्याला मी रात्री सांगेपर्यंत तू फोन करून मोकळी होशील.

नणंद: मी येणारच आहे. तू लिहिणार त्या कागदावर मीही सही करणार. मी फोल्डरमधून तपासलं, लोकांच्या बाजूनं तपासलं नाही. एवढं लिही.

वहिनी: लिहिते. हट्टी आहेस, घराण्यावर गेलीस. पेन कुठाय? हे चालत नाही. दुसरं दे.

भरतकामवाली: माझ्याकडे पेन्सिल आहे.

वहिनी: पेन्सिलनं नाही चालत हो, अधिकृत असतं ते.

भरतकामवाली: ताई, मी पण सही करू का त्यावर?

वहिनी: नाही. तुम्ही आता कशावरच सही करायची नाही. दुभाषी येऊन तुमच्या भाषेत वाचून दाखवेपर्यंत कुणीही काहीही पुढं केलं तरी नाही. कळलं?

भरतकामवाली: कळलं. चार वाजले का?

नणंद: तीन वाजून दहा मिनिटं. वेळ आहे.

भरतकामवाली: आई एकटी आहे वर. ती विचारत असेल. मी जाऊ?

वहिनी: आपण तिघी आत्ताच निघू. ही मॅडमकडे हे घेऊन पुढं होईल, आपण वॉर्डात जाऊ. झालं, केली सही. कर तू. इथं, माझ्या खाली. अगं, नीट कर, वाचता येईल अशी कर.

नणंद: केली. कागद दे, दोन्ही. तिचाही. घडी नको घालू, सपाट राहू दे, मी फाईलमध्ये घालते. जाऊ का मी पळत?

वहिनी: पळू नकोस, जिन्यात पडशील. चालत जा, पण भराभर.

नणंद: गेलेच!

वहिनी: चला ताई. दिवा राहू दे. काय झालं? उठवत नाही का? हात धरा माझा.

भरतकामवाली: उठते. एक विचारू? दोन दिवस वॉर्डात मला तिला हात लावू देत नाहीत. सिस्टर म्हणतात, तुम्ही लांब स्टुलावर बसा. ती पाणी मागते, तर सिस्टर येईपर्यंत थांबावं लागतं. आज तरी पाणी मी पाजू का?

वहिनी: तुम्हीच पाजा. मी शेजारी उभी राहते.